दोन टन सळई, चांगल्या कंपनीची

‘बारा एमएम दोन टन, आठ एमएम पाचशे किलो, चांगल्या कंपनीचं, उद्या सकाळी साइटवर.’ तालुक्याच्या गावातल्या लोखंडाच्या दुकानदाराला फोनवर येणारा निरोप साधारण असा असतो. एवढ्यावर माल येतो आणि बहुतेक वेळा ठीकच येतो. निरोपात जे नाही ते दुकानदाराला आधीच माहीत असतं. हा ठेकेदार कुठल्या प्रतीची सळई नेतो, याच्या साइटच्या बोळात बारा मीटरची सरळ सळई वळत नाही म्हणून ती दुमडून पाठवावी लागते, याचा फिटर रिंगा साइटवरच वाकवतो की वाकवलेल्या मागतो, हे सगळं कुठेही लिहिलेलं नसतं.

हेच काम सॉफ्टवेअर एजंटवर सोपवायचं म्हटलं की पहिली अडचण इथेच येते. एजंट म्हणजे नुसतं शोधयंत्र नव्हे. शोधयंत्र विचारलं तेवढं दाखवतं. एजंटला आपण उद्दिष्ट आणि मर्यादा सांगतो, म्हणजे अमुक माल, अमुक तारखेच्या आत, अमुक रकमेपर्यंत. मधल्या पायऱ्या तो स्वतः ठरवतो. विक्रेते शोधतो, कोटेशन मागवतो, तुलना करतो आणि परवानगी असेल तर ऑर्डर देऊन पैसेही भरतो. यातला खरेदीचा भाग सोपा आहे. काय खरेदी करायचं हे नेमकं लिहिणं अवघड आहे. गेली पंचेचाळीस वर्षं संशोधक त्याच ठिकाणी अडखळत आले आहेत.

१९८० मध्ये रीड स्मिथ या संगणकशास्त्रज्ञाने ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ नावाची पद्धत मांडली. एक काम अनेक संगणकांत कसं वाटायचं, हा त्याचा प्रश्न होता आणि उत्तर त्याने चक्क ठेकेदारीच्या जगातून उचललं. ज्याच्याकडे काम आहे त्याने ते जाहीर करायचं, ज्यांना जमेल त्यांनी बोली पाठवायची, पसंत पडेल त्याला काम द्यायचं. आपल्याकडच्या निविदेचाच हा क्रम. पुढे १९९५ मध्ये अँडरसन कन्सल्टिंगने ‘बार्गेनफाइंडर’ काढला. संगीताची सीडी कुठल्या ऑनलाइन दुकानात स्वस्त आहे ते तो शोधून सांगायचा. काही दुकानांनी त्याला आपल्या दारातच अडवलं, कारण फक्त किमतीवर तुलना झाली तर बाकीची सेवा कोण पाहणार? पुढच्याच वर्षी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये पॅटी माएस आणि अँथनी चावेझ यांनी ‘कसबा’ हा बाजार उभारला. त्यात विकणाराही एजंट आणि घेणाराही एजंट. आपल्या एजंटचा स्वभावसुद्धा निवडता यायचा. उतावळा एजंट भाव भराभर वाढवायचा, थंड डोक्याचा जरा दमाने, आणि काटकसरी शेवटच्या घटकेपर्यंत ताणून धरायचा.

सीडीच्या बाबतीत हे खपून गेलं, कारण एकाच अल्बमची सीडी कुठूनही घेतली तरी तीच असते. विटा, वाळू, फरशी यांचं तसं नाही. या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात ‘एप्रॉन’ नावाची प्रणाली तयार झाली. बांधकाम उत्पादनांचे तपशील ठरवणं आणि ती खरेदी करणं ही दोन्ही कामं तिने एजंटांकडे दिली होती. त्यांची जोडी घातली हेच मला तिच्यात महत्त्वाचं वाटतं. कारण बांधकामात ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांची असतात. तपशील आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर लिहितो, खरेदी ठेकेदार करतो, आणि मधल्या फटीतून बरंच काही गळून जातं.

ती फट बुजवायचा एक मार्ग म्हणजे इमारतीच्या नकाशातच वस्तूंचे गुणधर्म यंत्राला वाचता येतील असे भरून ठेवणं. त्यासाठीचा ‘आयएफसी’ हा खुला आराखडा १९९० च्या दशकात सुरू झाला आणि २०१३ मध्ये आयएसओ १६७३९ या क्रमांकाने पूर्ण आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात दरवाजा म्हणजे चार रेघा नसतात. तो किती वेळ आगीला तोंड देतो, कुठल्या भिंतीत बसतो, हे त्याच्यासोबत नोंदलेलं असतं. मोठ्या प्रकल्पांत हे चालतं. आपल्याकडच्या तळमजला अधिक एक घराचा नकाशा मात्र छापील कागदावर असतो, आणि त्याच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांतल्या टिपा घरमालक कधीच वाचत नाही. खरेदीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा मजकूर तोच असतो.

सळईचंच पाहू. टीप म्हणते, एफई ५०० डी, आयएस १७८६ प्रमाणे. यातला ५०० हा आकडा सळई कायमची ताणली जाऊ लागते तो ताण सांगतो, दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन. ‘डी’ तन्यतेचा, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जाण्याच्या गुणाचा. साधी ५०० ची सळई तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबली पाहिजे, ‘डी’ची किमान १६ टक्के. भूकंपात इमारत हलते तेव्हा हेच लांबणं कामी येतं. सळई आधी ताणली गेली तर माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो, ती एकदम तुटली तर मिळत नाही. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या प्रदेशात झाला, तिथे हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. आता समजा, एजंटला बाजारात साधी एफई ५५० त्याच दरात किंवा किंचित स्वस्त मिळाली. आकडा मोठा, म्हणजे माल वरचा, असा निष्कर्ष तो सहज काढेल. पण साध्या ५५० साठी लांबण्याची किमान अट फक्त १० टक्क्यांची आहे. आकड्याने वरचढ असलेली सळई इथे अटीत बसतच नाही. ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या बाजारातला नियम बांधकामात बऱ्याच ठिकाणी उलटा पडतो.

नंतर वजन. सळईचं मीटरमागचं वजन काढायचं फिटरचं सूत्र म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा मिलिमीटरसाठी ते मीटरला ०.८८९ किलो येतं, म्हणजे बारा मीटरची एक सळई सुमारे १०.६७ किलोची. पण कारखान्यातून निघणारी प्रत्येक सळई काटेकोर तेवढीच नसते. दहापेक्षा जास्त आणि सोळापर्यंतच्या जाडीला मानक एका खेपेच्या सरासरी वजनात पाच टक्के कमी-जास्त चालवून घेतं. आता दोन दुकानदार घ्या. पहिला ५८ रुपये किलो म्हणतो आणि त्याची सळई सूत्राबरहुकूम आहे. दुसरा ५७ म्हणतो, पण त्याच्या सळया चार टक्के जड आहेत, तरीही मानकात बसणाऱ्या. इंजिनिअरने मीटर मोजून दिलेत, किलो नव्हे. तेवढेच मीटर घ्यायला पहिल्याकडे दोन टनांचे १,१६,००० रुपये लागतील, दुसऱ्याकडे २,०८० किलो घ्यावे लागून १,१८,५६०. किलोमागे रुपया वाचवणाऱ्याने अडीच हजार जास्त मोजले. जो एजंट दर किलोवर लावून क्रमवारी करतो तो दुसऱ्याला वर ठेवेल, आणि त्याची बेरीज अचूकच असेल!

याच सळईत एजंट खरोखर उपयोगी पडेल अशी एक जागा आहे आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे कटिंग. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठल्या लांबीचे किती तुकडे लागतील याची यादी. त्यात साडेतीन मीटरचे तुकडे असले, तर बारा मीटरच्या सळईतून तीन निघतात आणि दीड मीटर उरतं, म्हणजे साडेबारा टक्के भंगारात. पण यादीत दीड मीटरचे तुकडेही असले आणि कापायचा क्रम नीट लावला, तर उरणारं काहीच नाही. कारखान्यातल्या कापणीचं हे गणित जुनं आहे. १९६१ मध्ये आयबीएममधल्या गिलमोर आणि गोमोरी यांनी त्याची मोठी उदाहरणं सोडवण्याची रीत दाखवली. अनुभवी फिटर हे डोक्यात करतो, पण एका जाडीपुरतं आणि एका दिवसापुरतं. संपूर्ण घराची यादी हाताशी असलेला एजंट ते सगळ्या जाड्यांसाठी एकदम करू शकतो. भाव करण्यापेक्षा यात जास्त पैसे वाचतात असं माझं मत आहे, आणि यात कुणाशी घासाघीसही करावी लागत नाही.

वाळूकडे वळलं की मात्र लिखित तपशील जवळपास संपतातच. आपल्याकडे वाळू ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हे झालं आकारमान, आणि ओली वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, आणि पाच-आठ टक्के ओलाव्याला आकारमान पाव पटीने किंवा त्याहूनही वाढू शकतं. पंचवीस टक्के फुगलेली एक ब्रास घेतली, तर कोरड्या हिशेबाने ८० घनफूटच हाती येते, उरलेल्या जागेत हवा. पाण्यात पूर्ण बुडवली की ती पुन्हा खाली बसते. म्हणून साइटवर एक सोपी चाचणी करतात. सरळ भांड्यात २०० मिलिमीटर उंचीपर्यंत ओली वाळू भरायची आणि पाणी ओतायचं. ती १६० वर बसली तर फुगवटा पंचवीस टक्के. ‘वाळू, ३ ब्रास, साइटपोच’ असा दर तुलनेत घेणाऱ्या एजंटला हे भांडं कुठून मिळणार? तो फार तर वजनाने दर मागू शकतो आणि ओलावा किती ते विचारू शकतो. खाणीवर वजनकाटा असेल तर हे जमतं. आता नदीच्या वाळूची जागा क्रश सँड घेते आहे. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने कृत्रिम वाळूला रीतसर स्थान दिलं आणि २०२५ मध्ये राज्य सरकारनेही तिच्यासाठी धोरण मंजूर केलं. क्रशरवर माल वजनाने भरतात, त्यामुळे निदान तिथे तरी यंत्राला पकडायला आकडा आहे. तेवढ्यावरही थांबता येत नाही. काँक्रीटची वाळू वेगळी, गिलाव्याची वेगळी, आणि ऑनलाइन यादीत दोन्ही नुसतीच ‘वाळू’.

सिमेंटच्या बाबतीत धोका उलटा आहे. वस्तू नीट ठरलेली, गोणी पन्नास किलोची, प्रकार छापलेला, दर उघड. म्हणून एजंट इथे फार शहाणपणा दाखवतो. जास्त गोण्यांवर सवलत दिसली की तो एकदम मागवायला निघतो. सिमेंट हवेतला दमटपणा घेत राहतं आणि तीन महिन्यांहून जुनं झालं तर पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये, असा दंडक आहे. गोणीवर भरणीचा आठवडा छापलेला असतो तो यासाठीच. मे महिन्यात सवलतीत घेतलेल्या दोनशे गोण्या कोकणातल्या पावसात कुठे ठेवायच्या, हे एजंटच्या उद्दिष्टात कुणी लिहिलं नाही तर तो विचार करणार नाही. शिवाय दर जुने असू शकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचे आणि नंतरचे भाव एकाच तक्त्यात मिसळले तर तुलना निरर्थक ठरते. स्वतःचं घर बांधणाऱ्याला या कराची वजावट मिळत नाही, म्हणून त्याच्या एजंटने करासहित, गाडीभाड्यासहित आणि हमालीसहित दरच पाहायला हवा.

फरशीचा बारकावा आणखी वेगळा. त्याच नावाची, त्याच मापाची फरशी दोन वेगळ्या खेपांतून आली तर रंगाच्या छटेत फरक पडतो. दहा पेट्या इकडे स्वस्त आणि पंधरा तिकडे स्वस्त म्हणून एजंटने ऑर्डर विभागली, तर दिवाणखान्याच्या मधोमध पैसे वाचल्याची रेघ दिसेल. फरशीवाले म्हणूनच एकाच बॅचचा माल घ्यायला आणि दोन पेट्या जास्तीच्या ठेवायला सांगतात.

या सगळ्याला गेल्या तीन वर्षांत वेगळं वळण मिळालं ते भाषा समजणाऱ्या मोठ्या प्रारूपांमुळे. जुन्या एजंटला ठरलेल्या रकान्यांत माहिती लागायची. कंपनीचा कॅटलॉग पीडीएफमध्ये असला, दुकानदाराचा दर व्हॉट्सॲपवर असला की तो हात टेकायचा. नवा एजंट हे सगळं वाचतो, मराठी-हिंदी मिसळलेला निरोपही त्याला कळतो. ही मोठी मजल आहे. पण जुन्याच्या मठ्ठपणात एक संरक्षण होतं. प्रतीचा रकाना रिकामा असला तर तो पुढे जायचाच नाही. नवा एजंट रिकाम्या जागी साजेसं काहीतरी भरून टाकतो. ‘चांगल्या कंपनीचं’ म्हटलं की तो आपणहून एक ब्रँड आणि एक प्रत ठरवेल, आणि ते वाक्य इतकं खात्रीचं वाटेल की कुणी पुन्हा नकाशा उघडून पाहणार नाही. म्हणून बांधकामासाठी एजंट घडवणाऱ्याने त्याला आधी ‘मला माहीत नाही, इंजिनिअरला विचारा’ हे म्हणायला शिकवावं, मग खरेदी शिकवावी.

घासाघीस करू द्यावी का, याचंही एक मजेदार उदाहरण आहे. २०२५ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या कार्यालयातलं एक छोटं दुकान स्वतःच्याच एजंटला चालवायला दिलं. कर्मचाऱ्यांनी त्याला गोडीगुलाबीने सवलती द्यायला लावल्या, कुणीतरी गंमत म्हणून टंगस्टन धातूचा ठोकळा मागितला, तर एजंटने ते ठोकळे मागवून तोट्यात विकले. आता विक्रेत्याच्या बाजूलाही एजंट बसतील. मालाच्या पानावर माणसाला न दिसणारा, पण समोरच्या एजंटला उद्देशून लिहिलेला मजकूर घालून त्याला फिरवण्याचे प्रकारही माहीत झालेले आहेत. दोन टन लोखंडाच्या बाबतीत ही गंमत राहत नाही.

पायाभूत सोय मात्र भारतात झपाट्याने होते आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदलेली ओएनडीसी, म्हणजे ऑनलाइन व्यापाराचं खुलं जाळं चालवणारी संस्था, ज्या ‘बेकन’ पद्धतीवर चालते, तिच्यात शोध सर्वांना जातो, विक्रेते आपापली उत्तरं पाठवतात, मग निवड, मग पक्की ऑर्डर. रीड स्मिथचाच क्रम, चाळीस वर्षांनी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआय यांनी संभाषणातूनच यूपीआयने पैसे भरण्याचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला. सुरुवात किराण्यासारख्या खरेदीपासून आहे, आणि तेच योग्य. कांदे खराब निघाले तर परत करता येतात, स्लॅबमध्ये गेलेली सळई नाही.

एजंटने चुकीची ऑर्डर दिली तर जबाबदार कोण? आपला माहिती तंत्रज्ञान कायदा सन २००० चा आहे, तरी त्याचं कलम ११ इथे नेमकं लागू पडतं. एखाद्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने कुणी आपोआप चालण्यासाठी आज्ञा देऊन ठेवलेल्या यंत्रणेने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक संदेश हा त्या माणसाचाच धरला जातो. पुढे आलेलं कलम १०अ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही असं सांगतं. म्हणजे ‘मी नाही, एजंटने मागवलं’ ही सबब टिकायची नाही.

काय हवं ते नेमकं लिहिण्याचा मूळ प्रश्न सरकारी खरेदीला जुनाच आहे. निविदेत एका कंपनीचं नाव घालून बाकीच्यांना बाहेर ठेवता येत नाही, म्हणून ‘किंवा समतुल्य’ हे दोन शब्द येतात. अर्धी भांडणं त्या दोन शब्दांवर होतात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत प्रत्येक कामाचं वर्णन लांबलचक, कंटाळवाणं, पण तपासता येईल असं असतं. कुठल्या मानकाचं, कुठल्या मिश्रणाचं, वाहतूक धरून की सोडून, मोजमाप कशात. एजंटला समतुल्य म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला तरी ठाऊक नाही. घर बांधणाऱ्या साध्या माणसानेसुद्धा त्यातलं आपल्या कामाचं वर्णन एजंटपुढे ठेवलं, तर निम्मे गोंधळ आधीच मिटतील.

माल दारात आल्यावरचं काम वेगळंच. सळईच्या गठ्ठ्याला टॅग असतो, त्यावर हीट नंबर असतो, आणि सोबतच्या चाचणी प्रमाणपत्रावर तोच नंबर हवा. आयएसआय खुणेसोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. गाडी दुकानदाराच्या नव्हे, तिसऱ्याच काट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा वजन करून घ्यायची. टॅगचा फोटो, वजनपावती आणि प्रमाणपत्र एकमेकांशी जुळवण्याचं काम एजंट माणसापेक्षा चिकाटीने करेल, कारण दुपारच्या उन्हात गाडीवाला घाई करत असताना तो कंटाळत नाही. पण जुळलं नाही तर गाडी परत पाठवायचा अधिकार साइटवर उभ्या असलेल्या माणसाकडे हवा, आणि पैसे आगाऊ गेले असतील तर तो अधिकार नावापुरताच उरतो. म्हणून एजंटला पैसे भरायची मुभा द्यायचीच, तर ती ऑर्डरच्या क्षणी देऊ नये, ही तिन्ही कागदपत्रं जुळल्यानंतर द्यावी. ऑनलाइन बाजारात अशी सोय मुद्दाम बांधावी लागेल. गावच्या दुकानात ती उधारीच्या वहीत आयतीच होती, तिचा भाव मात्र दरात मिळवलेला असायचा.